डायनमोचा ताप

उस्तादांच्या बाकावर ते आर्मेचर उघडे पडले होते आणि गाडीचे मालक शेजारी उभे होते. गाडी १९३० च्या आसपासची, अमेरिकन बनावटीची, सहा व्होल्टची. वर्षातून दोन-तीनदा रॅलीला निघते, एरवी ताडपत्रीखाली झोपलेली असते. तीन वर्षांत तिसऱ्यांदा तिचा डायनमो जळला होता. मालकांना वाटत होते की वाइंडिंगची तार भेसळीची असावी. उस्ताद काही बोलले नाहीत. डायनमोच्या मागच्या टोकाला, कार्बन ब्रशच्या खिडक्या झाकायला पत्र्याची एक पट्टी असते, ती त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘‘अंदर से देखो बेटा.’’

पट्टीच्या आतल्या अंगाला चांदीसारख्या बारीक थेंबांची गोल रेघ उमटली होती. तो डाख होता. आर्मेचरच्या तारांची टोके कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांना डाख देऊन जोडलेली असतात. डायनमो इतका तापला की डाख वितळला आणि फिरत्या आर्मेचरने तो चिखलासारखा बाहेर उडवला. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. आत काय घडले याचा दुसरा पुरावा लागत नाही. तार भेसळीची नव्हती. मागच्या वेळी कोणीतरी ‘चार्जिंग वाढवून’ दिले होते.

जुन्या गाड्यांचा इतिहास आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या अंगाने सांगितला जातो. हैदराबादच्या निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस, अमक्या महाराजांच्या चाळीस गाड्या, तमक्या संस्थानिकाची चांदीची दिवे लावलेली मोटार. या गाड्या शंभर वर्षे चालत्या कोणी ठेवल्या, हे त्या इतिहासात सापडत नाही. मुस्लिमांचा इतिहास म्हटले की किल्ले, मकबरे, नवाब. आर्मेचर भरणारा उस्ताद त्यात बसत नाही. म्हणून आज डायनमोबद्दल लिहितो आहे. त्यातही त्याच्या तापाबद्दल, कारण या यंत्राची सगळी कहाणी त्याच्या तापाभोवतीच फिरते.

सुरुवातीच्या मोटारींना डायनमो नव्हता. दिवे कार्बाइडचे किंवा तेलाचे, इंजिन हँडल मारून चालू करायचे, आणि ठिणगी मॅग्नेटोची. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने तयार केलेला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि चित्र पालटले. स्टार्टरला बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनमो हवा. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र स्टार्टर आणि डायनमो मिळायला १९१९ साल उजाडले.

डायनमोचे तत्त्व त्याआधी अर्धशतक जुने होते. १८६६-६७ च्या सुमारास सीमेन्स, व्हीटस्टोन आणि व्हार्ली यांनी दाखवून दिले होते की यंत्राने स्वतः तयार केलेल्या विजेतला थोडा भाग त्याच्याच चुंबकाला, म्हणजे फील्ड कॉइलला दिला तर बाहेरच्या चुंबकाची गरज उरत नाही. युक्ती सुंदर आहे, पण तिच्यातच धोका आहे. वेग वाढला की वीज वाढते, वीज वाढली की चुंबक जोरदार होतो, आणि चुंबक जोरदार झाला की वीज आणखी वाढते. वीजघरात वेग ठरलेला असतो, तिथे हे आवरता येते. मोटारीत कधी चालत्या माणसाच्या वेगाने जायचे, तर कधी ताशी साठ मैलांनी. डायनमोला लगाम हवा होता.

पहिला टिकाऊ लगाम म्हणजे तिसरा ब्रश. दोन मुख्य ब्रशांतून करंट बाहेर जातो आणि त्यांच्यामध्ये एक लहान तिसरा ब्रश फील्ड कॉइलला वीज देतो. आर्मेचरमधून करंट वाहू लागला की त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र मुख्य क्षेत्राला एका बाजूला ढकलते. वेग वाढेल तशी तिसऱ्या ब्रशच्या वाट्याची वीज कमी होते आणि फील्ड आपोआप मंद पडते. म्हणून हा डायनमो मध्यम वेगाला सर्वांत जास्त करंट देतो आणि त्यापुढे उतरतो. एकही स्प्रिंग नाही, एकही स्क्रू नाही. यंत्राचा दोषच यंत्राचा लगाम म्हणून वापरला, आणि मला ही त्या काळातली सर्वांत हुशार कल्पना वाटते.

पण या लगामाला बॅटरी दिसत नाही. ती भरलेली आहे की रिकामी, हे त्याला कळत नाही. तिसरा ब्रश ज्या जागी घट्ट केला असेल, त्या हिशेबाने तो करंट देत राहतो. म्हणून हिशेब माणसाने ठेवायचा. हिवाळ्यात, रात्रीच्या आणि आखूड फेऱ्यांसाठी ब्रश थोडा पुढे, उन्हाळ्यात मागे. आर्मेचर ज्या दिशेने फिरते त्या दिशेला ब्रश सरकवला की चार्जिंग वाढते, उलट सरकवला की कमी होते. दिवसाच्या लांब प्रवासात हेडलाइट लावून गाडी चालवा, असा सल्ला त्या काळी दिला जाई. भर दुपारी दिवे लावून जाणाऱ्या मोटारवाल्याला लोक हसत असतील, पण तो जास्तीचा करंट दिव्यांत जाळून बॅटरी वाचवत होता.

आता ताप येतो कुठून? तांब्याच्या तारेतून करंट गेला की उष्णता होते आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा अँपिअरवर बसवलेल्या डायनमोकडून पंधरा मागितले तर करंट दीडपट झाला, पण आर्मेचरमधली उष्णता सव्वादोनपट झाली. मालकांना हे पटायला वेळ लागला. ‘‘पाच अँपिअरच तर वाढवले,’’ असे ते म्हणत होते.

शिवाय डायनमोची रचनाच उष्णता अडकवणारी आहे. सगळा जड करंट फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होतो आणि आर्मेचर असते मधोमध. त्याच्याभोवती हवेची बारीक फट, तिच्यापलीकडे फील्ड कॉइल, तिच्यावर लोखंडी कवच. उष्णतेला बाहेर पडायला वाट अशी नाहीच. जुन्या डायनमोंची कवचे तर धूळ-पाणी शिरू नये म्हणून बंदच असत. पुढे पुलीच्या मागे पंखा आला, दोन्ही टोकांच्या झाकणांना खिडक्या आल्या आणि त्याच आकाराच्या डायनमोकडून जास्त काम घेता येऊ लागले. या खिडक्या तेलमातीने बुजतात. डायनमो गरम होतो म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत उस्ताद आधी ब्रश आणि रॉकेल मागतात, मीटर नंतर.

त्या उष्णतेशी लढत होते काय, तर सुती धागा गुंडाळलेली तार, वॉर्निश, अभ्रक आणि लाख. नुसत्या सुती आवरणाची सहनशक्ती ९० अंशांपर्यंत धरतात, वॉर्निश पाजले की १०५. ढोबळ नियम असा की त्यापुढे दर दहा अंशांना आवरणाचे आयुष्य जवळपास निम्मे होते. म्हणजे डायनमो एका झटक्यात जळतो तसाच वर्षानुवर्षे हळूहळूही जळत असतो. सूत आधी तपकिरी होते, मग काळे, मग बोट लावले की भुगा. शेजारच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या की त्या वेटोळ्यात करंट फिरू लागतो आणि उरलेले काम काही मिनिटांत आटोपते.

कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अभ्रकाची पातळ पाने असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात विजेच्या यंत्रांसाठी लागणाऱ्या पत्री अभ्रकाचा फार मोठा हिस्सा आपल्या देशातून, मुख्यतः आज झारखंडात असलेल्या कोडरमा-हजारीबागच्या पट्ट्यातून जात असे. अभ्रकाचे पापुद्रे काढायचे काम बायका-मुले घरी बसून करत. हे पापुद्रे लाखेने चिकटवून, दाबून त्याचे पत्रे बनवत, आणि लाखही बरीचशी इथलीच. म्हणजे डेट्रॉइटच्या किंवा बर्मिंगहॅमच्या डायनमोला जाळण्यापासून वाचवणारा माल छोटा नागपूरच्या झोपड्यांतून गेलेला होता. गाडीच्या नावाच्या पाटीवर त्याचा उल्लेख नसतो. मजूर आणि मिस्त्री, दोघेही त्या पाटीबाहेर.

मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुट्या भागांच्या पेट्या बंदरात उतरायच्या आणि शेव्हरलेट होऊन बाहेर पडायच्या. पुढे १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लायमाउथ, मग फियाट निघू लागल्या. गाड्या वाढल्या तशी दुरुस्तीची माणसेही वाढली. लोहारकाम, तांबटकाम, कल्हई, घोडागाड्यांची कामे करणाऱ्या घरांतली मुले मोटारीच्या कामाला लागली. त्यांत मुस्लिम कारीगर मोठ्या संख्येने होते, आजही आहेत. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात असल्याची नोंद आहे. नोकरीचे दार अर्धवट उघडे असेल तर माणूस हातातल्या हुनरावर जगतो. गॅरेज, वेल्डिंग, रेडिएटर, सीटकाम, वायरिंग आणि बॅटरी या दुकानांच्या रांगा कोणत्याही महाराष्ट्रातल्या शहराच्या जुन्या वस्तीत पाहा.

या धंद्यात पुस्तक नव्हते. असले तरी इंग्रजीत होते. इल्म उस्तादाकडून शागिर्दाकडे जायचा, तोही बोलून कमी आणि हाताने जास्त. पहिली दोन वर्षे नुसते धुणे-पुसणे. मग काढलेल्या जळक्या आर्मेचरचे वेढे मोजायचे. एका खाचेत किती वेढे, कोणत्या जाडीची तार, टोक कितव्या पट्टीला जाते, हे वहीत लिहून ठेवायचे. ती वही म्हणजे त्या दुकानाची दौलत. उस्तादांच्या वहीत गाड्यांची नावे उर्दूत आणि आकडे इंग्रजीत आहेत. पाने तेलाने पारदर्शक झाली आहेत. कोणत्याही संग्रहालयात तिला जागा मिळणार नाही, पण त्यातल्या काही डायनमोंचा हिशेब आज दुसरीकडे शोधायला गेलात तर फार दूर जावे लागेल.

तिसऱ्या ब्रशचे राज्य १९३० च्या दशकात सरत गेले आणि रेग्युलेटर आला. लहान डब्यात दोन किंवा तीन रिले. एक कटआउट, दुसरा व्होल्टेज सांभाळणारा आणि अमेरिकन गाड्यांत बहुधा तिसरा करंट सांभाळणारा. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर गेले की टोके उघडतात, फील्डच्या वाटेत रेझिस्टन्स येतो, वीज उतरते, टोके पुन्हा मिटतात. हे सेकंदाला कितीतरी वेळा. कान लावला तर बारीक गुणगुण ऐकू येते. आता डायनमोला बॅटरीची भूक कळू लागली. ल्युकसच्या रेग्युलेटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापमान वाढले की व्होल्टेज थोडे उतरवते, कारण गरम बॅटरी आधीच जास्त करंट पिते. आधी जे काम माणूस ऋतू बघून करत होता, ते आता पट्टी करू लागली.

ल्युकसच्या नावाने इंग्रजीत भरपूर विनोद आहेत, कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. उस्तादांना ते सांगितले तेव्हा त्यांना हसू आले नाही. त्यांच्या मते ल्युकसचा डायनमो सरळ माणसासारखा आहे, त्याला नीट वागवले तर तो वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. त्यांचा हा पक्षपात मला मान्य आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अ‍ॅम्बेसेडर आणि १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट यांनी त्यांच्या पिढीचे पोट भरले. मद्रासजवळ पाडीला ल्युकस-टीव्हीएस १९६१ मध्ये उभी राहिली आणि सुटे भाग इथेच मिळू लागले.

गोंधळ सुरू झाला तो रेग्युलेटरच्या स्क्रूपाशी. ल्युकसचा सी-४० डायनमो घ्या, त्याची क्षमता २२ अँपिअर. मूळ दिव्यांना, इग्निशनला आणि हॉर्नला ते पुरत. मग लोकांनी शंभर वॉटचे हॅलोजन बसवले. बारा व्होल्टवर असे दोन बल्ब म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. इग्निशन, टेललाइट, वायपर धरले की बावीस कधीच ओलांडले. त्यावर टेप, पंखा, एअरहॉर्न. रात्री बॅटरी उतरते, ड्रायव्हर तक्रार करतो आणि कोणीतरी रेग्युलेटरचे झाकण काढून स्क्रू अर्धा आटा पिळून देतो. अँमीटरचा काटा खुशीत उजवीकडे जातो. गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते. महिना-दोन महिन्यांत डायनमो जळतो आणि तोवर पिळणाऱ्याचे नाव कोणाच्या लक्षात नसते.

सहा व्होल्टच्या गाड्यांत आणखी एक चूक होते. तितक्याच वॉटच्या बल्बला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून त्यांच्या मूळ तारा जाड असतात. जुने वायरिंग कुजले म्हणून आजच्या बारा व्होल्टच्या गाडीची बारीक तार टाकली की तार स्वतः तापते, दिवे मंद जळतात आणि मालकाला वाटते डायनमो कमजोर आहे. मग पुन्हा तोच तिसरा ब्रश पुढे. बाकावरच्या गाडीत नेमके हेच झाले होते. डायनमोपासून बॅटरीपर्यंतची तार बोटभर जाड हवी तिथे सुतळीसारखी होती आणि बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता. तिसऱ्या ब्रशच्या डायनमोला असा अडथळा जिवावर येतो. बॅटरीच त्याचे व्होल्टेज दाबून धरत असते. वाटेत रेझिस्टन्स आला की व्होल्टेज चढते, फील्ड कॉइल जास्त करंट ओढते आणि दोन्ही तापतात. बॅटरी पूर्ण सुटली तर विचारूच नका, आधी बल्ब उडतात, मग फील्ड कॉइल. म्हणून बॅटरीशिवाय अशी गाडी चालवायची वेळ आली तर डायनमोचे टर्मिनल तारेने बॉडीला जोडून ठेवायचे, म्हणजे व्होल्टेज चढतच नाही. रेग्युलेटरवाल्या डायनमोला हा उपाय करू नये, तिथे फील्डची तार काढायची. काही कंपन्या फील्डच्या वाटेत फ्यूज देत. तो सारखा उडतो म्हणून त्याजागी तार गुंडाळणारे महाभाग प्रत्येक गावात भेटतात.

कटआउटचा ताप वेगळाच. त्याचे काम इतकेच की डायनमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेले की वाट उघडायची आणि खाली आले की बंद करायची. टोके चिकटली तर इंजिन बंद केल्यावर बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होते. गाडी उभी, चावी खिशात आणि बॉनेटखाली धूर. घरात उभ्या असलेल्या जुन्या गाड्या पेटतात त्यामागे हे एक कारण असते. आता कटआउटच्या जुन्याच डबीत डायोड बसवून मिळतो, टोके चिकटायचा प्रश्न मिटतो. बसवण्यापूर्वी बॅटरीचा प्लस बॉडीला आहे की मायनस, हे बघावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणि फोर्डच्या मॉडेल एमध्ये प्लस बॉडीला असतो. डायोड आणि एलईडी दोघांनाही उलटा हात चालत नाही.

एलईडीबद्दल उस्तादांचे मत माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. मला वाटले होते ते नाक मुरडतील. पण त्यांनीच मालकांना सांगितले की टेललाइट आणि ब्रेकलाइट एलईडी करा, बाहेरून दिसतही नाही. ‘‘साब, इसका पेट जितना, उतनाइच खिलाने लगाओ. भूक कम करो, चूल्हा मत बढ़ाओ.’’ २०२१ पासून आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्यामुळे डायनमो फेकून अल्टरनेटर बसवण्यापेक्षा आहे तो जगवण्याकडे मालकांचा कल वाढला आहे, हे उस्तादांच्या फायद्याचेच.

अल्टरनेटरने डायनमोचे मूळ दुखणेच काढून टाकले. जड करंट बाहेरच्या, स्थिर वेटोळ्यांत तयार होतो. तिथून उष्णता सहज निघते, फिरत्या भागात फक्त फील्डचा किरकोळ करंट. सिलिकॉन डायोड आल्याने कटआउट लागत नाही. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून तो मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाड्यांत आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. आपल्याकडे डायनमो रेंगाळला, आणि तोवर आर्मेचर भरणाऱ्यांच्या दोन पिढ्या जगल्या. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या रंगाबद्दल लिहिले. वायरिंगवाल्यांबद्दल कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आर्मेचर नव्याने भरायला उस्तादांना चार दिवस लागले. तार आता सुती नव्हती, १५५ अंश सोसणाऱ्या एनॅमलची होती. टोकांना डाख चांदी मिसळलेला. कम्युटेटर लेथवर एक हात फिरवून घेतला, पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने कोरून तांब्याच्या खाली नेला, नाहीतर ब्रश उडतो, ठिणगी पडते आणि ठिणगीचा ताप करंटच्या तापात मिसळतो. वरून एमरी नव्हे, काचकागद मारला. एमरीचे कण तांब्यात रुततात. बुशला दोनच थेंब तेल. चौथा थेंब ब्रशवर जातो, असे त्यांचे म्हणणे. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, अर्धा इंच दबला. ढिला पट्टा घसरून तापतो, घट्ट पट्टा बुश खातो.

गाडी वीस मिनिटे चालवून आणली. तिसरा ब्रश त्यांनी मागे घेतला होता, अँमीटर आठवर. मालक जरा नाराज दिसले, त्यांना काटा पंधरावर बघायची सवय झाली होती. उस्तादांनी बॉनेट उघडून डायनमोच्या अंगावर तळहात ठेवला. साठ अंशांच्या पुढे गेले की हात ठेवता येत नाही. ते मनात आकडे मोजत राहिले, मला ओठ हलताना दिसत होते. हात तिथेच होता. मग त्यांनी मालकांचा हात धरून त्याच जागी ठेवला आणि म्हणाले, ‘‘इतनाच. इससे ज्यादा लगे तो मेरे पास आने से पहले ब्रश पीछे लेना.’’